ड्रमर हवा की माउस?

हॉस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये जा, दर चौथ्या खोलीत भिंतीला टेकलेली एक गिटार दिसेल. तारा गंजलेल्या असतील, पण गिटार असते. ड्रमर मात्र अख्ख्या कॉलेजात दोन किंवा तीन. एक फायनल इयरला, म्हणजे प्लेसमेंटमध्ये गुंतलेला. दुसरा केटीत अडकलेला. आणि तिसऱ्याला तीन बँड एकाच वेळी ओढत असतात. म्हणून मेटल वाजवणाऱ्या पोरांनी आता सोपा मार्ग काढलाय: ड्रमरच नको. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर उघडायचं, माउसने एकेक ठोका चौकटीत टाकायचा, की झाला डबल बेस तयार. आवाज झकास, ठोका कधी चुकत नाही, चहा मागत नाही आणि रिहर्सलला उशिरा येत नाही.

या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना ड्रमर मिळतच नाही त्यांनी दुसरं काय करावं? पण ज्या बँडमध्ये हाडामांसाचा ड्रमर आहे, त्या बँडने निदान एक रेकॉर्डिंग खऱ्या ड्रमवर, स्वतःच्या हाताने, घरच्या खोलीत करावं असं माझं स्पष्ट मत आहे. 'ते आपल्या बजेटचं काम नाही' हे सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. अडचण पैशाची कमी आणि आळसाची व जागेची जास्त आहे. जागेबद्दल शेवटी बोलतो, कारण तिथे स्टाफरूमचाही संबंध येतो.

विरोधी बाजू आधी मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. स्वीडनचा मेशुगा बँड घ्या. त्यांचा ड्रमर टोमास हाके म्हणजे मेटलमधल्या सगळ्यात अवघड वाजवणाऱ्यांपैकी एक. तरी त्यांच्या २००५ सालच्या 'कॅच थर्टीथ्री' या अल्बमवर ड्रम प्रोग्रॅम केलेले आहेत. आमच्या विंगमध्ये हा दाखला ब्रह्मवाक्यासारखा फेकला जातो. कबूल, प्रोग्रॅमिंग हे काही पाप नाही. पण त्याआधी त्यांचे चार अल्बम खऱ्या ड्रमवर झालेले होते, आणि हाके नंतरही स्टेजवर बसून वाजवतोच आहे. आपल्याकडे उलटं चाललंय. एकही गाणं खऱ्या ड्रमवर न करता आपण थेट तिथे उडी मारतो.

त्याचा परिणाम गॅदरिंगला दिसतो. माउसने २२० बीपीएमला सिक्स्टीन्थ नोटचा डबल बेस तीन मिनिटं सलग टाकता येतो. हिशोब करा: २२० भागिले ६०, गुणिले ४, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १५ ठोके. कॉम्प्युटरला १५ काय आणि १५० काय. बिचारा ड्रमर स्टेजवर ते वाजवायला बसतो तेव्हा दीड मिनिटात पोटऱ्या भरून येतात आणि पब्लिक म्हणतं, 'सीडीवर तर भारी होतं की!' गाणं माउसने लिहिलं, शिव्या पायांनी खाल्ल्या.

याहून वाईट प्रकार आमच्याच बँडमध्ये पाहिला. एका स्टुडिओत (नाव सांगण्यात अर्थ नाही, हे सगळीकडेच चालतं) आम्ही पैसे जमवून चार तास घेतले. ड्रमर जीव तोडून वाजला. आठवड्याने फाइल आली. त्यात त्याचा प्रत्येक ठोका ओढून ग्रिडवर बसवलेला होता आणि प्रत्येक ठोक्याचा आवाज काढून तिथे तयार सँपल टाकलं होतं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आम्ही गिटारवाले खूश, कारण आवाज परदेशी बँडसारखा. ड्रमरने दोनदा ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाला, "यात मी कुठाय?" त्यानंतर दोन महिने तो प्रॅक्टिसला आला नाही. अभ्यासाचं कारण सांगायचा. आम्हाला कळत होतं ते कारण नाही.

म्हणून हा प्रश्न माझ्या दृष्टीने नुसत्या आवाजाचा उरलेला नाही. रोज संध्याकाळी उशीवर काठ्या आपटून हात तयार करणारा एक पोरगा त्या रेकॉर्डिंगमध्ये राहतो की नाही, हा प्रश्न आहे.

आता 'घरात कसं शक्य आहे' याकडे येऊ. जुने दाखले बघा. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम, ज्याच्यापासून आपण मेटलची वंशावळ मोजतो, तो ऑक्टोबर १९६९ मध्ये मुख्यतः एका दिवसात वाजवून झाला. लेड झेपलिनच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बममधल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचे ड्रम स्टुडिओत घेतलेलेच नाहीत. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या दिवाणखान्यात ड्रम मांडले आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने वरच्या मजल्यावरून जिन्यात दोन माइक सोडले. त्या जिन्याचा घुमारा आजही लोक कॉपी करतात. नॉर्वेच्या डार्कथ्रोनने तर १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या घरगुती मशीनवर केला. त्यातला आवाज सगळ्यांना आवडेल असं नाही, पण तो कोणाचा आहे हे दोन सेकंदांत कळतं.

आपल्या घरांचा घोळ वेगळा आहे. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, खाली फरशी, चारी बाजूंनी प्लॅस्टर. इथे फर्स्ट इयरचं फिजिक्स कामाला येतं. सॅबिनचं सूत्र आठवतंय का? रिव्हर्बरेशन टाइम म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. आपल्या खोलीचं घनफळ साधारण ३४ घनमीटर आणि पृष्ठभाग ६३ चौरस मीटर. मोकळ्या भिंती आणि फरशी सरासरी तीन टक्केच आवाज शोषतात असं धरलं, तर उत्तर येतं जवळजवळ २.९ सेकंद. २०० बीपीएमच्या डबल बेसमध्ये दोन ठोक्यांत अंतर असतं ७५ मिलिसेकंदांचं. म्हणजे पहिल्या ठोक्याचा घुमारा विरायच्या आत पुढचे अडतीस-एकोणचाळीस ठोके पडून गेलेले असतात. त्याचा नुसता चिखल होतो. जिन्याचा घुमारा संथ गाण्याला शोभला, वेगवान मेटलला तो मारक आहे.

उपाय महाग नाही. आपल्या घरी कापसाच्या गाद्या असतात. आठ-दहा गाद्या भिंतींना आणि कोपऱ्यांत उभ्या करा, ड्रमखाली सतरंजी आणि वर जाड गोधडी अंथरा. दहा चौरस मीटर गादी मधल्या फ्रिक्वेन्सीला साठ-सत्तर टक्के आवाज शोषते असं धरलं, तर तोच आकडा २.९ वरून ०.७ सेकंदाच्या आसपास येतो. हे सूत्र अशा छोट्या खोलीत तंतोतंत बसत नाही, पण दिशा बरोबर सांगते. अंड्यांचे ट्रे मात्र चिकटवू नका. ते वरची थोडी झणझण कमी करतात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत आणि पावसाळ्यात झुरळं होतात.

गादीने न सुटणारी एक गोष्ट म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी. दहा फुटी लांबीला खोलीचा पहिला मोड येतो ५६ हर्ट्झला आणि बारा फुटीला ४७ हर्ट्झला. बेस ड्रमचा मूळ सूर याच पट्ट्यात, साधारण ५० ते ८० मध्ये असतो. त्यात लांबी किंवा रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट, म्हणजे ५६ चा मोड दुप्पट जोरात. खोलीच्या एका कोपऱ्यात किक घरंघळतो आणि बरोबर मध्यावर गायब होतो. त्यामुळे ड्रम कुठे मांडायचे हे माइकच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं. ड्रमरला वाजवू द्या, दुसऱ्याने खोलीभर फिरून ऐका, ड्रम सरकवा, पुन्हा ऐका. अर्धा दिवस गेला तरी चालेल. याला पैसे पडत नाहीत.

त्याआधी ड्रम लावणं. आपल्याकडे तबलजी मैफिलीआधी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो तेव्हा कोणी घड्याळ बघत नाही. ड्रमर चावी घेऊन बसला की मात्र गिटारवाल्यांची चुळबुळ सुरू. ड्रमचं प्लॅस्टिकचं पान १९५० च्या दशकात आलं, चामड्यासारखं ते दमट हवेत सैल पडत नाही, पण सतत वाजवून मार खातंच. खड्डे पडलेलं पान कुठल्याही प्लग-इनने सुधारत नाही. नवीन पानं घाला, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे पिळा आणि प्रत्येक बोल्टजवळ बोटाने टिचकी मारून सूर जुळवा. बजेट कमीच असेल तर नवा माइक राहू दे, पानं घ्या.

माइक किती? मोठ्या मेटल रेकॉर्डिंगला पंधरा-वीस लागतात हे खरं. पण चारावर सुरुवात होते: एक किकमध्ये, एक स्नेअरवर, दोन वर. ग्लिन जॉन्स या इंजिनिअरने लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमपासून गाजवलेली पद्धत हीच आहे. एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने, आणि दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं. हे अंतर डोळ्याने मोजू नका, सुतळी घ्या. कारण साधं आहे. १ किलोहर्ट्झची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर. दोन माइकच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला की एकात लाट वर असताना दुसऱ्यात खाली, आणि बेरीज शून्याकडे. स्नेअर पातळ, पत्र्याच्या डब्यासारखा का वाजतो याचं उत्तर बहुतेक वेळा या वीतभर फरकात असतं. ज्यांना सिग्नल्सच्या पेपरात 'फेज' नुसता पाठ करावा लागला, त्यांनी तो इथे कानाने ऐकावा.

माइकच्या ब्रँडवरून भांडू नका. स्नेअरवर जगभर वापरला जाणारा शुअरचा एसएम५७ आणि प्रत्येक गॅदरिंगला गायकाच्या हातात असणारा एसएम५८ हे मुळात एकाच घराण्यातले. म्हणजे कॉलेजच्या साउंड सिस्टीमच्या पेटीत पडलेला माइक स्नेअरला चालून जातो. चार इनपुटचा इंटरफेस कोणाकडून तरी उसना मिळतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जातो, चार ट्रॅकचे पाच मिनिटांना १७३ एमबी. आज तेवढी जागा मोबाइलमध्येही असते. लेव्हल उणे दहा-बारा डीबीला ठेवा. लाल दिवा पेटेपर्यंत चढवण्यात मर्दुमकी नाही.

मेटलचं वेगळेपण किकमध्ये. नुसता 'धम' चालत नाही, गिटारच्या भिंतीतून तो टकटक बाहेर आला पाहिजे. त्यासाठी मऊ फेल्टच्या जागी प्लॅस्टिकचा किंवा लाकडी बीटर, जिथे तो आपटतो तिथे कडक चकती, आत पानाला जेमतेम टेकलेली उशी आणि माइक भोकातून आत, बीटरच्या दिशेने. मग मिक्समध्ये ३०० ते ४०० हर्ट्झला थोडं कापायचं आणि ३ ते ५ किलोहर्ट्झला चढवायचं. ज्या 'क्लिक'साठी लोक सँपल शोधत फिरतात त्यातला निम्मा क्लिक इथेच मिळतो.

उरलेल्या निम्म्यासाठी सँपल वापरलं तर मी विटाळ मानत नाही. पण एक अट. सेशनच्या शेवटी ड्रमरला प्रत्येक ड्रमचा सुटा ठोका दहा-पंधरा वेळा, हलक्यापासून जोरापर्यंत वाजवायला लावा आणि रेकॉर्ड करा. नंतर सँपल मिसळायचं असेल तर हेच मिसळा, तेही खऱ्या ट्रॅकच्या मागे, भाजीत मीठ घालावं तसं. ड्रम तुमचा, खोली तुमची, हात तुमच्या ड्रमरचा. कुठल्या तरी दूरच्या स्टुडिओतला तोच स्नेअर हजार बँडच्या हजार गाण्यांत ऐकण्यापेक्षा हे बरं.

एडिटिंगचंही तेच. एखादा ठोका खरंच घसरला असेल तर सरकवा, किंवा चांगलं म्हणजे तो भाग पुन्हा वाजवून घ्या. पण शंभर टक्के ग्रिडवर बसवताना एक लक्षात ठेवा. चांगला ड्रमर ब्रेकडाउनला किंचित मागे रेलतो आणि कोरसला किंचित पुढे झुकतो. ते घसरणं नव्हे, ते वाजवणं आहे. आणि हे सरळ करायचंच असेल तर ड्रमरला शेजारी बसवून करा. त्याच्या ट्रॅकवरचा शेवटचा शब्द त्याचा. हा साधा नियम आमच्या बँडने आता घातलाय. ड्रमर परत आला त्याचं कारण बहुधा हेच. रेकॉर्डिंग आम्ही बेसवाल्याच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत केलं. दोन रविवार लागले. स्टुडिओच्या फाइलएवढं ते चकचकीत नाही. पण दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तो दमलेला ऐकू येतो आणि तरी वेग सोडत नाही. मला तो भाग सगळ्यात आवडतो.

आता शेजारी. ड्रम बंद खोलीत सहज १०० ते १०५ डीबी जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, कोर्ट यांच्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालं असेल तर दिवसा ५० आणि रात्री ४०. या नियमांचा दणका रॉकवाल्यांना नवीन नाही. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन, जिथे आपल्या सीनिअर पिढीने रॉक ऐकला, ते शांतता क्षेत्रात आल्यामुळेच मैफिलींना मुकलं. राग येतो, पण शेजारच्या हॉस्पिटलातल्या पेशंटच्या जागी स्वतःला ठेवलं की तो उतरतो. नऊ इंची विटांची भिंत ४५-५० डीबी अडवते, मात्र साधं फ्लश डोअर त्याच्या निम्मंच, आणि दाराखालची बोटभर फट सगळ्यावर पाणी फिरवते. म्हणून तळमजला, दुपारची वेळ, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगणं आणि फटीत कापड कोंबणं, हे चार नियम पाळा. पीएलमध्ये तर विचारही करू नका. वायवाच्या आदल्या रात्री माझ्या डोक्यावर कोणी डबल बेस वाजवला तर मीच रेक्टरकडे जाईन.

आणि स्वतःचे कान. अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डीबी आठ तास चालतं, पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा. म्हणजे १०० डीबीला फक्त पंधरा मिनिटं. इअरप्लग लावणं बायकी वगैरे म्हणणाऱ्यांना तिशीत कानात शिट्टी वाजू लागली की कळेल.

आता कॉलेजकडे वळतो, कारण सगळ्यांचं घर तळमजल्यावर नसतं आणि हॉस्टेलवाल्यांचं तर घरच दूर असतं. आपल्याकडे ड्रमसेट आहे. तो गॅदरिंगचे चार दिवस सोडले तर वर्षभर कुलपात धूळ खातो. वर्कशॉपच्या मागे एक जुनी स्टोअररूम आहे, जाड भिंतींची, हॉस्टेलपासून आणि वर्गांपासून लांब. माझी मागणी छोटी आहे. ही खोली रविवारी १० ते ५ उघडी मिळावी. रजिस्टरमध्ये सह्या, चावी एका सरांकडे, परीक्षेच्या काळात बंद, काही तुटलं तर भरपाई वापरणाऱ्यांची.

'यात शैक्षणिक काय?' असं मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच. तर ऐका. फुगा फोडून त्याचा आवाज ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि घुमारा किती वेळात विरतो ते मोजा. मग गाद्या लावून पुन्हा मोजा. सॅबिनचं सूत्र कुठे बसतं, कुठे फसतं ते लिहा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फेज, फिल्टर आणि सँपलिंग, सिव्हिलवाल्यांना भिंतींचं ध्वनिरोधन, मेकॅनिकलवाल्यांना पडद्याचं कंपन. दरवर्षी त्याच त्या ट्रॅफिक लाइटच्या कंट्रोलरचा मिनी प्रोजेक्ट झेरॉक्स मारून सबमिट करण्यापेक्षा यात निश्चितच जास्त इंजिनिअरिंग आहे.

सरांनो, मॅडम, तुम्हाला मेटल आवडावं अशी अपेक्षा नाही. ते दाराबाहेरूनच बरं वाटेल. आणि मित्रांनो, खोली मिळाली तर पहिल्या रविवारी गिटारचा ॲम्प घरी ठेवून या. येताना गाद्या, सुतळी आणि ड्रमची चावी आणा. पहिला दिवस ड्रमरचा असू द्या.